लुईस मारिओ नावाची बाई

ब्युनॉस आयर्सच्या टँगोला शब्द उशिरा मिळाले. आधी ते नाचायचे संगीत होते, शब्द असलेच तर चावट. १९१७ साली कार्लोस गार्देलने 'मी नोचे त्रिस्ते' गायले आणि टँगो रडायला शिकला. सामुएल कास्त्रिओताच्या तयार चालीवर पास्कुआल कोन्तुर्सीने शब्द बसवले होते. बाई सोडून गेली, खोली सुनी झाली, पुरुष झुरतो आहे, एवढाच विषय.

त्या शहरात असे झुरणारे पुष्कळ होते. १९१४ च्या जनगणनेत जवळजवळ निम्मी वस्ती परदेशात जन्मलेली होती, मुख्यतः इटली आणि स्पेनमधून आलेली. त्यात एकट्या पुरुषांचा भरणा मोठा. राहायला चौकाभोवतीच्या खोल्या, एका खोलीत एक कुटुंब. आपण तिला चाळच म्हणू.

या चाळीतून निघून गेलेली मुलगी ही टँगोची लाडकी गुन्हेगार. १९२० च्या 'मिलोंगिता'तली एस्तेरसिता कॅबरेत जाते आणि संपते. सेलेदोनियो फ्लोरेसच्या 'मार्गो'तली मार्गारिता नाव बदलून मार्गो होते, इकडे तिची म्हातारी आई लोकांचे कपडे धुऊन चूल पेटती ठेवते. आईचा उल्लेख आला की ऐकणाऱ्याचा निकाल ठरलाच! खानदानाची इज्जत मुलीच्या पदराला बांधायची रीत फक्त आपल्याच मोहल्ल्यांत आहे असे मला वाटायचे. ही गाणी समजून घेतल्यावर तो गैरसमज गेला.

पण त्या मुलीपुढे वाटा तरी किती होत्या? शिवणकाम, धुणी, कारखाना. १९२६ चा कायदा येईपर्यंत लग्न झालेल्या बाईला नवऱ्याच्या संमतीशिवाय स्वतःचा व्यवसायही करता येत नव्हता. पुनर्विवाहाची मोकळीक देणारा घटस्फोट १९५४ मध्ये मिळाला, १९५६ मध्ये थांबवला गेला, आणि कायमचा आला तो १९८७ मध्ये. गाणी मात्र तिच्याच लोभाचा हिशेब मांडतात. पैसे मोजणाऱ्या शेठजीला सहसा सौम्य शिव्याच मिळतात.

उलट बोलणारे एक गाणे आहे, 'से वा ला विदा', १९२९ चे. आयुष्य निघून चालले आहे, दारिद्र्याच्या आठवणी तोडून टाक, श्रीमंत माणूस संसार मांडून देतो म्हणाला तर सरळ जा, असा सल्ला ते मुलीला देते. सल्ला चांगला की वाईट, मला ठरवता येत नाही. पण बोट दाखवणे त्यात नाही. कवी म्हणून नाव लागले लुईस मारिओ. ही प्रत्यक्षात मारिया लुईसा कार्नेली. १८९८ साली ला प्लाता शहरात जन्मलेली, पुढे पत्रकार झालेली, स्पेनच्या यादवी युद्धाची वार्तांकने करणारी. टँगो घरच्यांना पसंत नव्हता, म्हणून कधी लुईस मारिओ, कधी मारिओ कास्त्रो.

उर्दूच्या वाचकाला हे नवे नाही. रंगीनने बाईच्या तोंडची रेख्ती लिहिली तर त्याचे नाव झाले. जाहिदा खातून शेरवानी मात्र १९२२ मध्ये वारली तोवर 'ज़े ख़े शीन' या अक्षरांआडच छापली जात होती.

कार्नेलीचे ते गाणे असुसेना माइसानीने गायले. माइसानी रंगमंचावर पुष्कळदा पुरुषी पोशाखात उभी राहत असे. म्हणजे शब्द बाईचे, नाव पुरुषाचे, आवाज पुन्हा बाईचा, आणि अंगावर कपडे पुरुषाचे.