लंडन कॉलिंग
द क्लॅश या इंग्लिश पंक रॉक वाद्यवृंदाचा तिसरा स्टुडिओ अल्बम. पंक रॉक हा १९७०च्या दशकाच्या मध्यास पुढे आलेला, मोजक्या स्वरमेळांचा, वेगवान व बंडखोर संगीतप्रकार होय. लंडनच्या वेसेक्स स्टुडिओत गाय स्टीव्हन्सच्या निर्मितीखाली ध्वनिमुद्रित झालेला हा अल्बम सीबीएस कंपनीने ब्रिटनमध्ये १४ डिसेंबर १९७९ रोजी प्रकाशित केला; अमेरिकेत तो जानेवारी १९८०मध्ये आला. शीर्षक बीबीसीच्या महायुद्धकालीन उद्‌घोषणेवरून घेतलेले आहे. बेकारी, वर्णसंघर्ष आणि अणुदुर्घटनेची धास्ती हे विषय मांडताना जो स्ट्रमर व मिक जोन्स या गीतकारांनी रेगे व स्का या जमैकन शैली, तसेच रॉकबिली आणि जॅझ यांना पंकच्या आवेशात सामावून घेतले, आणि या अल्बमचे खरे मोठेपण त्यातच आहे. वाद्यवृंदाचा बासवादक पॉल सिमनन न्यूयॉर्कच्या मंचावर बास गिटार आपटत असतानाचे पेनी स्मिथ यांचे छायाचित्र मुखपृष्ठावर असून, त्यावरील गुलाबी व हिरवी अक्षरे एल्व्हिस प्रेस्लीच्या पहिल्या अल्बमची आठवण करून देतात. दोन तबकड्यांवरील १९ गाणी वाद्यवृंदाच्या आग्रहामुळे जवळपास एकाच तबकडीच्या किमतीत मिळाली. ‘ट्रेन इन व्हेन’ हे अखेरचे गाणे ऐनवेळी समाविष्ट झाल्याने मूळ वेष्टनावरील यादीत छापले गेले नाही; अमेरिकेत मात्र तेच बिलबोर्डच्या क्रमवारीत २३व्या स्थानापर्यंत पोहोचले.