गोळीचा वेग मोजण्याचीं साधनें

गोळीचा वेग मोजण्यास कोणतें यंत्र पत्करावें हा प्रश्न, आमच्या मतें, केवळ सूक्ष्मतेचा नव्हता. मोजावयाचें काय, यावर तो अवलंबून होता. बेंजामिन रॉबिन्स यानें १७४२ सालच्या ग्रंथांत टांगलेल्या ठोकळ्यावर गोळी झाडून त्याच्या हेलकाव्यावरून वेग काढिला. (हाच रॉबिन्स पुढें कंपनी सरकारच्या चाकरींत १७५१ सालीं फोर्ट सेंट डेव्हिड येथें वारला.) परंतु ठोकळ्यांत रुतलेल्या गोळीचा पुढील वेग कळावा कसा?

ही उणीव बॅशफोर्थच्या विद्युत् यंत्रानें भरून काढिली. १८६५ ते १८७० च्या प्रयोगांत एकच तोफगोळा ओळीनें उभे केलेले दहा पडदे भेदी, व प्रत्येक क्षणाची खूण फिरत्या नळकांड्यावर उमटे. हवेचा विरोध त्यावरून ठरला.

बेल्जियन अधिकारी ल बूलाँझे याच्या यंत्रास दोनच पडदे लागत. पहिल्याची तार तुटतांच विद्युच्चुंबकास लटकलेली कांब सुटे. दुसऱ्याची तुटतां पडत्या कांबेवर सुरीची खूण उमटे. नित्याच्या दारूपरीक्षेस सैन्यांनीं हेंच सुटसुटीत यंत्र पत्करिलें, तें योग्यच झालें. मात्र त्याचा आंकडा दोन पडद्यांमधील सरासरी वेगाचा. नळीच्या तोंडाशीं असलेला वेग हिशेबानेंच काढावा लागे, आणि त्या हिशेबास आधार बॅशफोर्थसारख्यांच्या प्रयोगांचाच होता.