किल्लीवाल्यापासून ब्यूरोच्या मावशीपर्यंत

वसईच्या माणसाचं डोकं फिरलं तर कुठे न्यायचं, याचं उत्तर 1901 पासून ठरलेलं होतं: ठाण्याला. नरोत्तमदास माधवदास यांच्या नावाचं वेड्यांचं इस्पितळ त्या साली तिथे उभं राहिलं आणि वसई तालुका 2014 पर्यंत ठाणे जिल्ह्यातच होता. पण आत घ्यायचं की नाही हे डॉक्टर एकटा ठरवत नसे. 1912 च्या कायद्याने भटकणाऱ्या वेड्याला पोलिसाने मॅजिस्ट्रेटपुढे उभं करायचं, मग त्याच्या हुकमाने फाटक उघडायचं. आत वॉर्डर. किल्ल्या सांभाळायच्या, डोकी मोजायची, कुणी पळणार नाही हे बघायचं. मनोरुग्ण परिचर्येचा मूळ पुरुष शोधायला गेलं तर पांढऱ्या टोपीतल्या नर्सच्या आधी हाच सापडतो.

1901 च्याच नोव्हेंबरात फ्रँकफुर्टमध्ये आलोइस अल्झायमर हा डॉक्टर आउगुस्टे डेटर या स्मृती हरवत चाललेल्या बाईला तिचं नाव-गाव विचारत होता. वसईतली घरचा रस्ता विसरणारी आजी मात्र सहसा ठाण्याला जात नसे. म्हातारपणी असं व्हायचंच, म्हणून ती घरीच राही. तिला भरवणं, लुगडं बदलणं, रात्री दाराला कडी घालणं सुनेच्या गळ्यात. कुठल्या रजिस्टरात याची ओळ नाही.

दारूची तऱ्हा तिसरीच. ताडी-माडीच्या या पट्ट्यात पिणं आधी अबकारी खात्याचं आणि 1949 च्या दारूबंदी कायद्यानंतर पोलिसांचं प्रकरण झालं. हा आजार आहे, हे पटवून दिलं ते बहुतेक त्यातून सुटलेल्यांनीच. स्वतः व्यसनातून बाहेर आलेले फादर जो परेरा यांनी 1981 मध्ये वांद्र्याला कृपा फाउंडेशन सुरू केलं. पुढे वसईतही केंद्र आलं. पुण्यात 1986 ला मुक्तांगण निघालं, तेही येरवड्याच्या मनोरुग्णालयाच्या आवारात. या माणसांबद्दल आदर आहेच, पण त्यांच्या अनुभवाचा उपयोग पुढच्या महिन्यांत. पहिले तीन-चार दिवस नर्सचे.

शेवटच्या घोटानंतर हात थरथरतात, घाम फुटतो, भिंतीवर किडे दिसू लागतात. फिट आली तर जिवावर बेतू शकतं. नर्स दोन्ही हात समोर ताणायला लावून बोटं बघते, नाडी आणि रक्तदाब लिहिते, रात्री दिवा मालवत नाही. ग्लुकोज चढवायच्या आधी थायमिन, म्हणजे बी-वन जीवनसत्त्व, गेलं का, हे ती विचारते. ते राहिलं तर शरीरातलं उरलंसुरलं बी-वन ग्लुकोज पचवण्यातच खर्ची पडून मेंदूला इजा होऊ शकते.

1952 मध्ये पॅरिसला क्लोरप्रोमाझिन हे औषध मनोरुग्णांना देऊन बघितलं आणि किल्लीचं बरंचसं काम गोळीकडे गेलं. मग गोळी जिभेखाली लपवलेली नाही ना, तिच्यामुळे मान-हात ताठरले का, हे बघणं नर्सकडे आलं.

2017 च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने दारूशी निगडित आजारही मनोविकारांतच धरले. साखळदंड आणि एकांत कोठडी बंद. रुग्णाला बांधून ठेवावंच लागलं तर कारण लिहायचं, त्याच्या प्रतिनिधीला चोवीस तासांत कळवायचं. हे संस्थांपुरतं ठीक. विरारच्या चौथ्या मजल्यावर सून सकाळी लोकल पकडते, तेव्हा विसरभोळ्या झालेल्या आजोबांना बघायला नर्सिंग ब्यूरोची मावशी येते, बारा तासांसाठी. तिला दाखवलेली असतात ती फक्त डायपर आणि गोळ्यांची डबी. आजोबा संध्याकाळी घरी जायचा हट्ट धरतात तेव्हा काय करायचं, हे ती फोनवर विचारते, आणि सून तेव्हा दादरच्या फलाटावर गर्दीत असते.