विद्युद्घटांतील उष्णतेचा इतिहास

खंडाळा म्हटलें कीं पुष्कळांच्या डोळ्यांपुढें बोरघाट येतो; आम्हांस येथें सातारा जिल्ह्यांतील खंडाळा अभिप्रेत आहे. पुण्याहून साताऱ्यास जातांना शिरवळ मागें पडलें कीं हें गांव लागतें आणि पुढें खंबाटकीचा घाट सुरू होतो. या चढणीवर मोटारीचें पाणी उकळणें ही जुनी तक्रार. आतां लिथियमच्या घटांवर चालणाऱ्या गाड्याही हाच घाट चढतात. त्यांना धूर नाहीं, आवाज नाहीं. म्हणून तापही नाहीं, असा समज होतो. तो खरा नव्हे.

हा विषय लिथियमहून पुष्कळ जुना आहे. जेम्स ज्यूल यानें १८४१ सालींच दाखविलें कीं, विद्युत्प्रवाहानें होणारी उष्णता प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणांत वाढते. आणि तारेबरोबर त्यानें घटाच्या पोटांतील उष्णताही विचारांत घेतली होती. घटाचा अंतर्गत रोध ०.०५ ओहम धरला, तर २ अँपियरला ०.२ वॅट आणि ४ अँपियरला ०.८ वॅट उष्णता निघते. चढणीवर हेंच घडतें. उतारावर मोटर उलट वीज निर्माण करून घट भरूं लागली तरी हा ताप चुकत नाहीं, कारण वर्ग करतांच प्रवाहाची दिशा पुसली जाते.

उष्णतेचें दुसरें अंग मात्र दिशा जाणतें. त्याचें मूळ गिब्ज व हेल्महोल्ट्झ यांच्या विचारांत आहे. रासायनिक फेरबदलांत एन्ट्रॉपी बदलते, व त्यानुसार घट उष्णता घेतो किंवा देतो. म्हणूनच लिथियम-कोबाल्ट ऑक्साइडचा घट अगदीं मंदगतीनें भरूं लागल्यास प्रारंभीं किंचित थंड होतो! घाईनें भरला कीं रोधाची उष्णता हा गारवा गिळून टाकते. बर्नार्डी, पॉलिकोव्स्की व न्यूमन यांनीं १९८५ सालीं दोन्ही अंगें एका समीकरणांत बसविलीं. सोनीनें हे घट विक्रीस आणले ते १९९१ सालीं. शास्त्र मालाच्या आधीं तयार होतें, ही गोष्ट आम्हांस लक्षणीय वाटते.

खरा धोका उष्णता निर्माण होण्यांत नसून ती अडकून राहण्यांत आहे. सुमारें ८० ते १२० अंशांच्या दरम्यान कर्बाच्या ध्रुवावरील संरक्षक थर विघटूं लागतो आणि स्वतःच उष्णता देतो. सुमारें १३० अंशांस दोन ध्रुवांमधील पॉलिएथिलीनचा पडदा वितळतो. त्यापुढें बाहेरच्या प्रवाहाची गरजच उरत नाहीं.

मार्च २०२२ मध्यें पुण्याच्या लोहगांवांत रस्त्यावर उभी असलेली विजेची स्कूटर पेटली. ‘उन्हाळाच तसा’ असें तेव्हां पुष्कळांनीं म्हटलें. आम्हांस हें उत्तर अपुरें वाटतें. आपल्याकडील ४० अंशांचें ऊन त्या ८० अंशांपासून पुष्कळ दूर असतें. त्यानें घट निवण्याचा वेग मंदावतो, एवढेंच. घाट चढून आलेली तापलेली गाडी लगेच जलद भारणास लावणें हें त्याहून अधिक विचार करण्याजोगें. त्या वर्षाच्या डिसेंबरपासून ए.आय.एस. १५६ या नियमावलींतील कडक कलमें टप्प्याटप्प्यानें लागू झालीं. घटांच्या पेटींत ताप अनावर होऊं लागतांच चालकास दिसेल व ऐकूं येईल असा इशारा मिळावा, अशी तरतूद त्यांत आहे.