दोन पेरं वाळू

माझ्या आजोबांनी पहिलं अक्षर गिरवलं ते पेडणे तालुक्यातल्या आमच्या गावच्या देवळाच्या सभामंडपात, धूळपाटीवर. फळीवर बारीक धूळ पसरायची, बोटाने 'श्री' काढायचा, पंतोजींनी मान हलवली की तळव्याने पुसून पुन्हा काढायचा. पंतोजी सावंतवाडीकडचे. पगार म्हणजे भात, नारळ आणि घराघरांतून पाळीचं जेवण. सर्टिफिकेट त्यांच्याकडे कसलंच नव्हतं. ते मिळायचं पोर्तुगीज भाषेतून: आधी प्रिमैर ग्राव, मग सेगुंद ग्राव, सरकारी मास्तर व्हायचं तर एश्कोल नॉर्माल. पेडणे आणि डिचोली अठराव्या शतकाच्या अखेरीस पोर्तुगिजांकडे आलेल्या, नव्या काबिजादीतले तालुके. इथली भजनं, नाटकं, पोथ्या सगळं मराठीत. लोकांना अक्षरओळख करून दिली ती या बिनकागदाच्या माणसांनी, हे मी दर दसऱ्याला पाटीपूजन करताना मनात म्हणते.

१९६१ च्या डिसेंबरात गोवा मुक्त झाला. दोन वर्षांनी भाऊसाहेब बांदोडकर मुख्यमंत्री झाले आणि गावोगाव सरकारी मराठी प्राथमिक शाळा उघडल्या. मास्तरांना ट्रेनिंग, पगार, पेन्शन सगळं आलं. पण शाळेत जायचं ते पहिलीपासून. तीन ते पाच वर्षांची पोरं आजीच्या पदराला, नाहीतर शेताच्या बांधावर. त्यांना शिकवायला माणूस लागतो आणि त्या माणसाला आधी शिकावं लागतं, ही गोष्ट आमच्याकडे फार उशिरा पोचली.

मराठीत ती आणली ताराबाई मोडकांनी. १९२३ साली त्या भावनगरला गिजुभाई बधेकांच्या बालमंदिरात गेल्या, १९२६ मध्ये नूतन बाल शिक्षण संघ उभा राहिला. १९४५ मध्ये त्यांनी ठाणे जिल्ह्यात बोर्डीला काम सुरू केलं, अनुताई वाघ त्यांच्यासोबत गेल्या. १९५७ मध्ये दोघी कोसबाडच्या टेकडीवर आल्या. माँटेसोरीची महागडी साधनं आदिवासी पाड्यावर कुठून आणणार? त्यांनी खडे, शिंपले, बिया, पानं वापरली. मुलं बालवाडीत येईनात, तेव्हा बालवाडीच पाड्यातल्या अंगणात नेली. अंगणवाडी हा शब्द असा आला. १९७५ मध्ये केंद्र सरकारने बालविकासाची देशव्यापी योजना काढली तेव्हा तोच शब्द घराघरांत गेला.

मी पणजीला बालवाडी शिक्षिकेचा कोर्स केला तो १९८६ साली. कोर्स सुरू होऊन महिना झाला आणि ५ जुलैला मांडवीवरचा पूल कोसळला. पहाटे पेडण्याहून कदंबाची बस, कोलवाळ, म्हापसा करत बेती, तिथून फेरीबोट. भर पावसात छत्री पिशवीवर धरायची, अंगावर नाही, कारण पिशवीत पाठाची साधनं: चिंचोके, भिरंडाच्या बिया, घासून गुळगुळीत केलेल्या करवंट्या. शिकवणाऱ्या बाई कोसबाडला राहून आल्या होत्या. एके दिवशी त्यांनी काचकागदाची अक्षरं पुढ्यात ठेवली, डोळे मिटून दोन बोटं फिरवायला सांगितली. मग म्हणाल्या, "हे नसेल तिथं ताटात वाळू घ्या." मी तिथेच रडले. आजोबांची धूळपाटी वर्गात परत आली होती, आणि आता तिच्यावर मार्क होते.

लग्नानंतर डिचोली तालुक्यातल्या खाणींच्या पट्ट्यात आले. मुलं यायची ती घोट्यापर्यंत लाल मातीने माखून; रस्त्याने दिवसभर मिनराचे ट्रक. पहिलं काम पाय धुणं, आणि ते माझ्या कोर्सच्या वहीत होतं: स्वच्छतेचा पाठ, रोज, गाण्यासकट. पुढे एका शाळेत अर्ज केला. कारकुनाने कागद उलटसुलट पाहिला आणि म्हणाला, "बाई, हे बालवाडीचं. टीचरचं कुठाय?" त्या वाक्याचा राग मला आजही आहे. चार वर्षांच्या मुलाची मूठ पेन्सिल धरण्याइतकी कधी तयार होते, हे ओळखायला पहिलीच्या मास्तरापेक्षा कमी शिक्षण लागतं, असं कोणी ठरवलं?

त्यातून अंगणवाडीच्या सेविकांचं प्रशिक्षण, सुरुवातीला काही महिन्यांचं, पुढे सव्वीस कामकाजाच्या दिवसांवर आलं. इतक्या दिवसांत आहार, लसीकरण, वजनाचे तक्ते आणि वर बालशिक्षण! २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने तीन ते आठ वर्षं वयाचा एकच पायाभूत टप्पा मानला. बारावी झालेल्या सेविकेला सहा महिन्यांचं प्रमाणपत्र आणि त्याहून कमी शिकलेलीला वर्षाचा डिप्लोमा द्यावा, असंही म्हटलं. गोव्यात हा टप्पा २०२३-२४ पासून लागू झाला. मला याचा खराखुरा आनंद आहे, फक्त त्या कागदाबरोबर पगारही वाढला पाहिजे.

माझी भाची पेडण्यात पूर्वप्राथमिकचा डिप्लोमा करते. रात्री जेवणं आटोपली की तिचा फोन येतो. परवा पाठाची तयारी चालली होती.

"मावशी, ताटात वाळू किती घालू गो?"

"दोन पेरं. आणि नदीची घे, समुद्राची नको, बोटांना चिकटते. चाळून घे."

"चाळून झाली."

"मग आधी तू गिरव. डोळे मिटून."

फोन तिने तसाच जमिनीवर ठेवला असावा. पलीकडून वाळूवर बोट फिरल्याचा बारीक आवाज येत होता.