वास्तुरचनेसाठी संगणक : मर्यादित खर्चात सुट्या भागांची निवड

वास्तुरचनेचे आराखडे आणि त्यांची वास्तवसदृश चित्रे, म्हणजेच रेंडरिंग, यांसाठी संगणकाचे सुटे भाग घेण्यापूर्वी कोणते सॉफ्टवेअर वापरायचे हे निश्चित करणे आवश्यक असते. खर्चाची विभागणी त्यावरच अवलंबून असते.

ऑटोकॅड, रेव्हिट आणि स्केचअप यांतील आरेखनाचे बहुतांश काम प्रोसेसरच्या एकाच कोअरवर चालते. त्यामुळे तेथे कोअरच्या संख्येपेक्षा प्रत्येक कोअरचा वेग महत्त्वाचा ठरतो. रेंडरिंगची गरज मात्र वेगळी असते. कोरोना हे सॉफ्टवेअर प्रोसेसरच्या सर्व कोअरचा वापर करते. त्यासाठी महागड्या ग्राफिक्स कार्डाचा फारसा उपयोग होत नाही. याउलट, लुमियन आणि एन्स्केप यांचा मुख्य भार ग्राफिक्स कार्डावर पडतो. व्ही-रे आणि विनामूल्य उपलब्ध असलेले ब्लेंडर यांत दोन्ही पर्याय आहेत.

ग्राफिक्स कार्डाची निवड करताना त्यावरील मेमरी अवश्य पाहावी. झाडे आणि फर्निचर यांनी भरलेले दृश्य त्यात न मावल्यास रेंडरिंग मंदावते किंवा अर्ध्यावर बंद पडते. ही मेमरी नंतर वाढवता येत नाही. रॅम मात्र वाढवता येते. चार स्लॉट असलेल्या मदरबोर्डवर १६ जीबीची दोन मॉड्यूल बसवून, म्हणजे ३२ जीबीने, सुरुवात करता येते.

वीज गेल्यास रात्रभर चाललेले रेंडरिंग वाया जाऊ शकते. त्यामुळे पॉवर सप्लायच्या दर्जात काटकसर करू नये आणि यूपीएससाठी तरतूद ठेवावी. आकर्षक कॅबिनेट आणि रंगीत दिवे यांवरील खर्च टाळता येण्याजोगा असतो.