तसबिरीची चौकट : रक्षण की ऱ्हास?

१/ आमच्या कोकणातील घराच्या माजघरात लक्ष्मीची एक जुनी छापील तसबीर होती. गेल्या वर्षी तिची काच बदलावयास दिली, तेव्हा काचेबरोबर देवीच्या मुखावरचा रंगही निघून आला. या हानीचे मूळ शोधताना जे हाती लागले, ते या धाग्यात मांडत आहे.

२/ प्रथम पार्श्वभूमी. राजा रविवर्मा (१८४८–१९०६) यांनी १८९४ मध्ये मुंबईत शिळाछापाचा छापखाना उभारला. पुढे तो लोणावळ्याजवळ मळवलीस गेला आणि फ्रिट्झ श्लायशर या जर्मन तंत्रज्ञाच्या मालकीचा झाला. प्रत्येक रंगासाठी स्वतंत्र शिळा आणि अखेरीस वार्निशचा थर, अशा छापचित्रास ओलिओग्राफ म्हणत. त्यामुळे लक्ष्मी-सरस्वती सामान्यांच्या भिंतींवर आल्या.

३/ भिंतीवर येण्यासाठी चौकट हवी. चौकट तयार मापाची असली की चित्राच्या कडा कापल्या जात. अशा चित्रांच्या तळच्या पट्टीवर बहुधा शीर्षक व छापखान्याचे नाव असे. आमच्या तसबिरीची ती पट्टीच कापलेली आहे. ती कोणत्या छापखान्यातली, हे आज सांगता येत नाही. म्हणून पहिला नियम : चौकट चित्राच्या मापाची करावी, चित्र चौकटीच्या मापाचे नव्हे.

४/ काच. चित्र थेट काचेला टेकलेले असेल, तर पावसाळ्यातील ओल दोहोंमध्ये अडकते आणि रंग-वार्निशचा थर काचेस चिकटतो. आमच्याकडे हेच घडले. माउंट किंवा कडेने बारीक पट्टी बसवून मध्ये पोकळी ठेवणे, हा त्यावर साधा उपाय आहे.

५/ पण माउंट कशाचा? एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात लाकडी लगद्याचा स्वस्त कागद व पुठ्ठा सर्वत्र पसरला. त्यातील लिग्निनमुळे आम्लता वाढते आणि ती शेजारच्या कागदातही उतरते. जुन्या चित्रांवर माउंटच्या कडेने दिसणारी तपकिरी रेघ ही तिचीच खूण. सुती लगद्याचा, आम्लरहित बोर्ड महाग पडतो. परंतु तेथे काटकसर करू नये.

६/ पाठ. उघड्या लाकडी फळीच्या गाठी व फटी कालांतराने कागदावर डागांच्या रूपाने उमटतात. फटींतून धूळ आणि कसर शिरते. फळी व चित्र यांमध्ये आम्लरहित बोर्ड घालावा, पाठ कागदाने बंद करावी आणि चौकट ओलसर भिंतीपासून किंचित दूर टांगावी.

७/ चिकटवणे. चिकटपट्टी व पांढरा गोंद वर्ज्य. संवर्धक गव्हाच्या सत्त्वाची खळ आणि लांब तंतूंच्या हातकागदाच्या लहान पट्ट्या वापरतात, त्याही केवळ वरच्या कडेस. केलेले काम पुढे सुखरूप सोडवता यावे, हे त्यामागचे तत्त्व.

८/ प्रकाश. उडालेला रंग परत येत नाही. कागदावरील चित्रांसाठी संग्रहालये साधारण ५० लक्स इतकाच प्रकाश ठेवतात. घरी निदान थेट ऊन टाळावे. अतिनील किरण अडवणारी काच मिळाल्यास उत्तम.

९/ आपल्या घरी अशी तसबीर असेल आणि चित्र काचेस चिकटलेले दिसले, तर ती उघडू नका, कोणास उघडूही देऊ नका. संवर्धकास दाखवा, मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात कलासंवर्धन केंद्र आहे. जुनी चौकटही टाकू नका. चित्र कोणी, कसे जपले याचा तो पुरावा आहे. आमची चौकट मी जपून ठेवली आहे. देवीचे मुख मात्र काचेवरच राहिले.